सडाफटिंग मुंबईकर : गिरणगावातल्या ‘एकट्या’ कामगाराचे जेवण, मित्र आणि प्रवास

१/
१९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया नोंदल्या गेल्या. म्हणजे शहरातल्या दर तीन माणसांपैकी जवळजवळ दोन पुरुष. यांतल्या असंख्य पुरुषांची लग्ने झालेली होती, मुलेबाळे होती; तरी मुंबईत ते एकटेच राहत. हा एकटा माणूस कुठे जेवत होता, कोणासोबत राहत होता, गावी कसा जात होता आणि त्याच्या या जगण्याचा भार नेमका कोण उचलत होते, याचा हा धागा.

२/
१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. पुढच्या सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, नायगाव, शिवडी या भागाचे ‘गिरणगाव’ झाले आणि कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरात पोहोचली. १९२१ मध्ये शहरातल्या दर सहा रहिवाशांपैकी सुमारे पाच जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत असे.

३/
कुटुंब गावी ठेवण्यामागे हिशेब होता. गिरणीतले काम कायम असेलच याची खात्री नसे. ‘बदली’ कामगाराला कोणी गैरहजर असेल तरच पाळी मिळे. मुंबईची खोली महाग आणि कोंदट. गावच्या तुकड्याभर शेतीवर घर चालत नसे, पण ती सोडली तर म्हातारपणाचा आधार जाई. म्हणून एक पाय गिरणीत आणि एक पाय शेतात, अशी विभागणी झाली. पुरुषाने रोख पैसा मिळवायचा. पत्नीने शेत, जनावरे, मुले आणि सासूसासरे सांभाळायचे.

४/
या माणसाच्या राहण्याच्या जागेला ‘गाळा’ किंवा ‘बैठकीची खोली’ म्हणत. एका गावच्या वा एका भावकीच्या लोकांनी मिळून चाळीत एक खोली घेतलेली असे. तिच्यात वीस-तीस, कधी त्याहूनही अधिक माणसांचे बिऱ्हाड असे. प्रत्येकाच्या मालकीची वस्तू म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. भिंतीवर कपड्यांच्या खुंट्या, कोपऱ्यात देव्हारा. एवढी माणसे तिथे मावत, कारण ती एकाच वेळी तिथे नसत.

५/
गिरण्या पाळ्यांनी चालू लागल्यावर खोलीही पाळ्यांनी झोपू लागली. रात्रपाळीहून आलेला माणूस जी पथारी पसरी, तिच्याच जागेवर काही वेळापूर्वी दिवसपाळीचा गडी उठलेला असे. उन्हाळ्यात अनेक जण गॅलरीत, गच्चीवर किंवा पदपथावर झोपत. पावसाळा मात्र कठीण जाई. बाहेरची माणसे आत येत आणि पाय पसरायलाही जागा उरत नसे. ‘घर’ या शब्दाचा अर्थ या माणसाला गावातच सापडे. मुंबईत होती ती खोली.

६/
सरकारने या प्रश्नावर एक मोठे उत्तर शोधले होते. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ८० खोल्या. एक खोली म्हणजे सुमारे १६० चौरस फूट. याच त्या बीडीडी चाळी. एका कुटुंबासाठी आखलेल्या या खोल्यांतही हळूहळू गावचे पाहुणे आणि भावकीची सडी माणसे सामावली गेली.

७/
अशी व्यवस्था केवळ गिरणी कामगारांचीच नव्हती. धोबीतलाव आणि माझगाव परिसरात गोव्याच्या खलाशांचे, आचाऱ्यांचे ‘कूड’ होते. एकेका गावाचा एकेक कूड. अल्प भाडे, ओळीने ठेवलेल्या पेट्या, समोर वेदी आणि संध्याकाळची सामूहिक प्रार्थना. बोटीवरची नोकरी संपवून परतलेला खलाशी पुढची नोकरी मिळेपर्यंत तिथे थांबे. गाळा आणि कूड या दोहोंची मूळ कल्पना एकच : परक्या शहरात आपल्या गावाची चार भिंतींची शाखा.

८/
आता दिवसाकडे वळू. पहाटे गिरणीचा भोंगा होई आणि चाळीतल्या सार्वजनिक नळावर रांग लागे. कामाचे तास प्रदीर्घ होते. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली. ४८ तासांचा आठवडा १९४८ च्या कारखाना कायद्याने दिला. पाळी मिळेल की नाही, हे गिरणीच्या दारात जॉबर ठरवी. त्यामुळे जॉबरची ओळख असलेला गाववाला हाच नवख्या माणसाचा खरा शिफारसपत्रवाला होता.

९/
एवढे तास राबणाऱ्या माणसाला चूल पेटवायला ना वेळ, ना जागा. म्हणून तो ‘खानावळ लावी’. हा वाक्प्रयोग आजही मराठीत टिकून आहे. खानावळ म्हणजे बहुधा चाळीतलीच एक खोली. ती चालवणारी बाई बहुतेक वेळा गिरणी कामगाराची पत्नी किंवा विधवा असे. दहा-पंधरा ते पंचवीस-तीस माणसे तिच्याकडे जेवत. त्यांना ‘मेंबर’ म्हणत. स्वयंपाक, वाढणे, भांडी, दळण, बाजार आणि हिशेब या साऱ्या कामांना ती आणि तिच्या मुली पुरत.

१०/
ताटात भाकरी किंवा चपाती, भात, आमटी, एखादी भाजी. कोकणी खानावळ असेल तर सुके बोंबील किंवा सुकट. सुट्टीच्या दिवशी मासे किंवा मटण. ज्याची पाळी जेवणाच्या वेळेत अडके, त्याचा डबा गिरणीत जाई. घाटावरची माणसे घाटी चवीची खानावळ शोधत, मालवणी माणसाला नारळाचे वाटण लागे. गाव सोडून आलेल्या माणसाचा गावाशी दिवसातून दोनदा संबंध येई तो जिभेवाटे. बाहेर जेवणे ही या शहराची चैन नव्हती. ती त्याची रोजची गरज होती.

११/
मात्र हे ताट सर्वांसाठी सारखे मांडलेले नव्हते. खोल्या जशा गाववार, तशा जातवारही होत्या, आणि खानावळीही. गिरणीच्या आतही हीच रेघ होती. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ‘उष्टे’ आणि ‘विटाळ’ यांचे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना या अधिक वेतनाच्या खात्यात शिरू दिले जात नसे. १९२८ च्या संपकाळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षे राहत होते.

१२/
खानावळीबाहेर आणखी एक टेबल होते : नाक्यावरचे इराणी हॉटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधून आलेल्या झरतुष्ट्री आणि मुस्लिम कुटुंबांनी ही उपाहारगृहे काढली. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आरसे, ब्रून-मस्का आणि चहा. चहाच्या एका कपावर बराच वेळ बसता येई. खोलीत ज्याला बसायलाही हक्काची जागा नव्हती, त्याच्यासाठी ही खुर्ची म्हणजे दिवाणखाना होता. वर्तमानपत्र एक जण वाचे आणि चार जण ऐकत.

१३/
मित्रांचे जगही असेच सामायिक होते. तालीम, भजनी मंडळ, लेझीम पथक, गणेशोत्सव मंडळ आणि गावकी मंडळ यांत संध्याकाळ जाई. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके रंगत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले होते. गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहावर त्यांनी रचलेली छक्कड अमाप लोकप्रिय झाली, कारण ऐकणाऱ्या हजारो पुरुषांची ती स्वतःचीच कहाणी होती.

१४/
विरहाचा पूल बांधला टपाल खात्याने. १ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड आले, त्याची किंमत पाव आणा. १ जानेवारी १८८० पासून टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली. ज्याला लिहिता येत नसे, तो खोलीतल्या शिकलेल्या सोबत्याकडून पत्र लिहवून घेई. गावी पत्नी ते दुसऱ्या कोणाकडून वाचवून घेई. नवराबायकोच्या खासगी बोलण्याला अशा दोन परक्या माणसांची मध्यस्थी लागे. म्हणून मनातले बरेचसे न लिहिताच राही आणि कार्डावर ‘सर्व खुशाल’ एवढेच उरे.

१५/
प्रवास ठरलेला असे : शिमगा, गणपती, लग्नसराई किंवा शेतीचा हंगाम. घाटावरची माणसे रेल्वेने पुण्याकडे आणि तिथून पुढे साताऱ्याच्या बाजूला जात. दक्षिण कोकणाला मात्र रेल्वे नव्हती. ती पूर्णपणे सुरू व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. त्यामुळे कोकणी चाकरमान्याचा मार्ग समुद्रातून जाई. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांनी बांधलेल्या ‘भाऊच्या धक्क्या’चे नाव कोकणच्या घराघरांत ठाऊक होते.

१६/
आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बहुतेक ठिकाणी बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू होड्यांत उतरून काठावर येत. डेकवर वळकट्या, ट्रंका, नव्या लुगड्यांची गाठोडी, मुलांसाठी खाऊ. तिथून पुढे पायवाट किंवा बैलगाडी. पावसाळ्यात लांबच्या फेऱ्या बंद होत. त्या महिन्यांत गावाकडून वाईट बातमी आली तरी घाटरस्त्याचा लांबचा वळसा घ्यावा लागे.

१७/
समुद्राने या प्रवासाची किंमतही वसूल केली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी बुडाल्या. बंदरालगतच्या रेवससारख्या जवळच्या फेऱ्या पावसाळ्यातही चालत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे दगावली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गिरणगावातल्या आणि कुलाबा जिल्ह्यातल्या अनेक घरांत ते वर्ष दोन कारणांनी लक्षात राहिले.

१८/
गावाकडचा हा रस्ता केवळ सणापुरता नव्हता. तो संकटकाळचा दरवाजाही होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले आणि गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांसाठी शहराने या माणसाला फारसे काहीच दिलेले नव्हते. निवृत्तिवेतनाची जागा गावच्या जमिनीने घेतली होती आणि विम्याची जागा पत्नीच्या श्रमांनी.

१९/
आता हा सारा व्यवहार कोणाच्या पैशावर चाले ते पाहू. कामगाराला पगार महिना भरून गेल्यावर मिळे. मेंबर पगारानंतर खानावळीचे पैसे देई. तोवर धान्य कुठून येई? खानावळवाली वाण्याकडून उधारीवर आणी. म्हणजे गिरणीमालक मजुराचे वेतन हातात ठेवून घेई, मजूर खानावळीची उधारी ठेवी आणि ती बाई वाण्याचे देणे डोक्यावर घेई. उधारीच्या या साखळीचे शेवटचे आणि सर्वांत नाजूक टोक एका बाईच्या हाती होते.

२०/
उधारी तुंबली की सावकार येई. रुपयामागे महिन्याला एक आणा हा व्याजाचा दर त्या काळी सर्रास होता. रुपयाचे १६ आणे. म्हणजे वर्षाला रुपयामागे १२ आणे, अर्थात ७५ टक्के. एखादा मेंबर पैसे न देताच गावी निघून गेला, तर त्याच्या वाट्याचे देणे खानावळवाली फेडी. तांब्यापितळेची भांडी, कानातली फुले, शेवटी मंगळसूत्र सावकाराकडे जाई. हिशेबाच्या वहीत तिच्या स्वतःच्या श्रमाचा रकाना बहुधा नसेच.

२१/
२६ एप्रिल १९२८ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. याच काळात लाल बावट्याची ‘गिरणी कामगार युनियन’ जन्मली. इतिहासाची पुस्तके सभा, पुढारी आणि वाटाघाटी सांगतात. पण पगाराविना सहा महिने माणसे तगली कशी? अनेक जण गावी गेले आणि पत्नीच्या शेतावर जगले. जे मुंबईत राहिले, ते वाण्याच्या आणि खानावळीच्या उधारीवर राहिले. संपाचा निधी या दोन ठिकाणांहूनही येत होता. त्याच्या पावत्या फाटल्या नाहीत इतकेच.

२२/
गिरण्यांत एकट्या स्त्रियाही होत्या. १९२० च्या दशकात कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांत विधवा आणि टाकलेल्या बायका पुष्कळ. पुरुषाला ‘सडाफटिंग’ म्हटले की त्यात थोडे कौतुक असे. एकट्या बाईच्या वाट्याला संशय येई. तिच्यासाठी गावकीचा गाळा नव्हता, इराण्याची खुर्चीही नव्हती. रात्रपाळीची बंदी आणि १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने आलेली जबाबदारी टाळण्याची मालकांची वृत्ती यांमुळे पुढे तिची गिरणीतली जागाही आकसत गेली. मग अनेकींना उरला तो खानावळीचाच धंदा.

२३/
१९७४ मध्ये ४२ दिवसांचा गिरणी संप झाला आणि खानावळींवर पुन्हा तोच भार पडला. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिले. १९७५ मध्ये त्यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. तारण नसलेल्या बायकांनी गटाने एकमेकींची हमी घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज काढायचे, ही कल्पना. पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या दारात उभी राहिलेली बाई प्रथमच बँकेच्या खिडकीसमोर उभी राहिली. तिच्या कामाला ‘व्यवसाय’ हे नाव मिळाले.

२४/
१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आठवडे गेले, महिने गेले, वर्ष उलटले. हा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही; तो विरत गेला. बैठकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या. ट्रंका गावाकडे निघाल्या, काही कायमच्या. खानावळीत ज्यांच्या नावावर उधारी होती, ते मेंबर परतलेच नाहीत. गिरणी बंद पडलेल्या कामगाराची मोजदाद झाली. त्याच्यावर अवलंबून असलेल्या चुलींची झाली नाही.

२५/
१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाची वाट खुली केली. आज त्या जागांवर मॉल, कार्यालये आणि उंच इमारती आहेत; बीडीडी चाळींच्या जागीही मनोरे उठत आहेत. त्याच परिसरात आजही हजारो तरुण एकटे राहतात. चार-पाच जणांत एक सदनिका घेतात, डबा लावतात, सणाला गावी जाण्यासाठी तिकिटांची धडपड करतात. रचना ओळखीची वाटते, कारण हे शहर अशीच माणसे वापरून उभे राहिले आहे.

२६/
त्या गिरणी कामगाराला जनगणनेने एकटा पुरुष म्हणून मोजले. प्रत्यक्षात त्याच्या एका पगारामागे दोन बायकांचे श्रम उभे होते : एक गावच्या शेतात, दुसरी चाळीतल्या चुलीपाशी. त्या दोघींनी अन्न पिकवले आणि शिजवले, म्हणून गिरणीमालकाला एका माणसापुरते वेतन देऊन भागवता आले. मुंबईच्या समृद्धीच्या हिशेबात कापसाच्या गाठी, चात्या आणि माग मोजले जातात. त्यात खानावळीच्या उधारीची वहीही धरायला हवी. ती वही बहुतेक घरांतून रद्दीत गेली. पण ती लिहिणाऱ्या आजी लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत अजून भेटू शकतात. त्यांना विचारायला वेळ थोडा उरला आहे.

(धागा समाप्त)